राउटर बदलण्याआधी: वायफाय ४ ते ७ मधला फरक, आणि वेग नेमका अडतो कुठे

९४. हा आकडा मी इतक्या वेळा पाहिलाय की तो मला आमच्या फ्लॅट नंबरसारखा पाठ झालाय. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिटचा, बिलही त्याच प्लॅनचं, आणि स्पीड टेस्ट लावली की काटा ९४वर जाऊन थबकायचा. सकाळी ९४, रात्री ९४, फोन राउटरला टेकवून धरला तरी ९४. ज्याला विचारावं तो म्हणायचा, राउटर जुना झालाय. मलाही ते पटलं. साडेतीन हजार मोजून वायफाय ६चा राउटर आणला, हौसेनं लावला, टेस्ट केली. ९४.

दोष राउटरचा नव्हताच. तो कुठे होता ते पायरी २मध्ये येईल. तुमचे साडेतीन हजार वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. यातली बहुतेक कामं फुकट आहेत आणि एका रविवारी दुपारी उरकतात.

आधी हे जवळ घेऊन बसा

- इंटरनेटचं शेवटचं बिल किंवा प्लॅनचा मेसेज. आपला प्लॅन किती एमबीपीएसचा, हे अनेकांना अंदाजानेच माहीत असतं.
- राउटरच्या पाठीवरच्या किंवा बुडाखालच्या लेबलचा फोटो. मॉडेल नंबर, लॉगिनचा पत्ता आणि पासवर्ड तिथेच असतो.
- कॅट ५ई किंवा कॅट ६ची हातभर, कंपनीत तयार झालेली केबल.
- नेटवर्क पोर्ट असलेला लॅपटॉप. नसेल तर शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी आणा. त्याचा पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा हवा, हे आणतानाच विचारा.
- फोनमध्ये एक स्पीड टेस्टचं आणि एक वायफाय अ‍ॅनालायझरचं अ‍ॅप.
- वही आणि पेन. हसू नका. पाच खोल्यांतले दहा आकडे डोक्यात राहत नाहीत.

पायरी १: बिट आणि बाइट वेगळे करा

प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, डाउनलोड मात्र बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दिसतं. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने उतरत असेल, तर सगळं ठीक आहे. 'शंभरचे पैसे घेतात आणि बारा देतात' म्हणून कस्टमर केअरशी भांडलेला एक माणूस मला माहीत आहे. माझा सख्खा मेव्हणाच तो.

पायरी २: वायफायला दोष देण्याआधी तार तपासा

फोनचं वायफाय बंद करा. लॅपटॉप आणि राउटर यांच्यात ती हातभर केबल जोडा, लॅपटॉपचंही वायफाय बंद करा आणि टेस्ट घ्या. तारेवर प्लॅनइतका वेग येत असेल, तर प्रश्न हवेतल्या भागाचा आहे आणि पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठीच आहेत. तारेवरही येत नसेल, तर जगातला कुठलाही राउटर वायफायवर तो आणू शकणार नाही.

आकडा ९० ते ९५च्या मध्ये अडकला असेल, तर जवळजवळ खात्रीने समजा की वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची चिंचोळी गल्ली आहे. नेटवर्कच्या तारेवर गिगाबिट धावायला आतल्या आठही वायरी लागतात. शंभरला चार पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांतली एखादी वायर तुटली किंवा लावलीच नाही, तरी जोडणी बंद पडत नाही. दोन्ही टोकांची यंत्रं मुकाट्याने शंभरवर उतरतात, आणि हातात पडतात ९४.

आमच्याकडे फायबरचा डबा दारावरच्या माळ्यावर आहे आणि राउटर हॉलमध्ये. मधली बारा मीटर केबल जोडणीवाल्याने जागेवरच कापून, टोकांना प्लग दाबून दिली होती. खालच्या मजल्यावरचा डिप्लोमाचा मुलगा एकदा सहज आला. त्याने तो पारदर्शक प्लग काढून टॉर्चसमोर धरला आणि म्हणाला, "काका, यात चारच वायरी आहेत." प्लगच्या तोंडाशी आठ पितळी पट्ट्या दिसत होत्या. त्यातल्या नारिंगी आणि हिरव्या जोडीच्याच पट्ट्यांत वायर दाबलेली. निळी आणि तपकिरी जोडी बाहेरच्या आवरणाशी सफाईने छाटून टाकलेली. दोन्ही टोकं नव्याने दाबून घेतली, प्लगचे वीसेक रुपये आणि त्या पोराला चहा-पोहे. पुढची टेस्ट २९१.

तुमच्याकडेही प्लग उजेडात धरून आठ रंग मोजा. सगळे असतील, तर मग राउटरचा पोर्ट बघा. दुहेरी बँडचे (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांवर चालणारे), '१२००' असं ठसठशीत छापलेले काही स्वस्त राउटर मागच्या बाजूला अजूनही १०० एमबीपीएसचेच पोर्ट घेऊन येतात. खोक्यावर बारीक अक्षरात 'फास्ट इथरनेट' किंवा '१०/१००' लिहिलेलं असतं. 'फास्ट' या शब्दावर जाऊ नका, ते नाव १९९५च्या काळातलं आहे. तुम्हाला 'गिगाबिट' किंवा '१०/१००/१०००' हवं.

पायरी ३: नावांचा गोंधळ एकदाच सोडवा

वायफायची स्टँडर्ड्स आयईईई ही अभियंत्यांची संस्था ८०२.११ या क्रमांकाखाली ठरवते, आणि त्यापुढे एक-दोन अक्षरं चिकटवते. मूळ स्टँडर्ड १९९७चं, वेग फक्त २ एमबीपीएस. १९९९मध्ये 'बी' आलं ११चं आणि 'ए' आलं ५४चं. म्हणजे 'ए' 'बी'पेक्षा वेगवान! २००३मध्ये 'जी', पुन्हा ५४. दुकानदारांचाच गोंधळ उडायचा तिथे गिऱ्हाइकाचं काय. शेवटी २०१८मध्ये वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने सरळ आकडे दिले, आणि आता लक्षात ठेवायला एवढंच पुरतं:

- वायफाय ४, म्हणजे ८०२.११एन, २००९चं. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालतं. घरगुती राउटरवर '३००' लिहिलेलं असतं.
- वायफाय ५, म्हणजे ८०२.११एसी, २०१३चं. फक्त ५ गिगाहर्ट्झवर. एका अँटेनाच्या प्रवाहाला, म्हणजे डेटाच्या एका धारेला, ४३३, दोन असले की ८६७ एमबीपीएस.
- वायफाय ६, म्हणजे ८०२.११एएक्स. प्रमाणपत्रं २०१९पासून मिळू लागली. दोन्ही बँडवर. त्याच रुंदीच्या चॅनेलवर (चॅनेल म्हणजे बँडमधली एक लेन) दोन प्रवाहांना १२०१.
- वायफाय ६ई. हेच वायफाय ६, फक्त ६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्यातही चालणारं.
- वायफाय ७, म्हणजे ८०२.११बीई. प्रमाणपत्रं जानेवारी २०२४पासून. चॅनेल दुप्पट रुंद, ३२० मेगाहर्ट्झपर्यंत, आणि एकाच वेळी दोन बँडवरून जोडणी ठेवण्याची सोय.

हे सगळे आकडे प्रयोगशाळेतले, रेडिओच्या कमाल वेगाचे आहेत. घरात, त्याच खोलीत, त्याच्या निम्मे ते दोन-तृतीयांश मिळाले तरी उत्तम समजायचं. हवेत एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि प्रत्येक पाकिटाची पोच द्यायची. त्या शिस्तीत बराच वेळ जातो.

वायफाय ६ घ्यावंसं वाटण्याचं माझ्या मते खरं कारण तो १२०१ नाहीच. आधीची वायफाय म्हणजे स्पेशल रिक्षा होती. एक सवारी बसली की निघाली, मागच्या दोन जागा रिकाम्या असल्या तरी. वायफाय ६ची शेअर रिक्षा आहे. एकाच फेरीत फोन, टीव्ही, कॅमेरा, बल्ब अशा अनेकांच्या छोट्या पुड्या एकत्र जातात. घरात दोन फोन आणि एक लॅपटॉप असेल, तर हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही. पंधरा-वीस यंत्रं असतील, तर संध्याकाळी आठ वाजता जाणवेल.

पायरी ४: तुमचं यंत्र आत्ता कशावर जोडलंय ते पाहा

राउटर कितीही नवा असो, बोलणं दोघांना जमेल त्या स्टँडर्डवरच होतं. त्यामुळे फोन-लॅपटॉप तपासल्याशिवाय राउटर घेणं म्हणजे पाय न मोजता चप्पल घेणं.

विंडोज लॅपटॉपवर सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. खाली प्रोटोकॉल, बँड, चॅनेल आणि लिंक स्पीड, चारही गोष्टी लिहिलेल्या सापडतील. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. अँड्रॉइडवर जोडलेल्या नेटवर्कच्या नावाशेजारचं चक्र दाबा. बऱ्याच फोनवर तर सिग्नलच्या चिन्हाशेजारीच बारीक ५ किंवा ६ उमटतो. आयफोन असेल, तर मॉडेलवरून ओळखा, आयफोन ११पासून पुढे वायफाय ६ आहे.

लिंक स्पीड वहीत लिहा. हा रेडिओचा वेग, तुमच्या इंटरनेटचा नव्हे. पण हाच आकडा चोर पकडून देतो:

- ७२ दिसतोय? फोन २.४ गिगाहर्ट्झवर, वायफाय ४वर, एका प्रवाहाने जोडलाय. टेस्टमध्ये ४०-५०च्या वर जाणार नाही, प्लॅन ५००चा का असेना.
- ४३३ दिसतोय? वायफाय ५, एक प्रवाह. अडीचशेच्या आसपास मिळायला हवेत.
- ८६६ किंवा १२०१? तुमचा फोन ठणठणीत आहे. अडचण दुसरीकडे शोधा.
- बरोबर ५४? पायरी ८ वाचा, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ५: बँड बदलून बघा, निम्म्या घरांचं काम इथेच होतं

२.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून पार जातो, पण तिथे गर्दी अशी, की आठ-चाळीसच्या फास्ट लोकलला असते. अख्ख्या बँडमध्ये एकमेकांना धक्का न लावता चालतील अशी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. त्यात ब्लूटूथ, बेबी मॉनिटर आणि मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे दूध गरम करताना व्हिडिओ कॉल अडखळतो हा भास नसतो.

५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर. भारतात २०१८च्या ऑक्टोबरमध्ये या बँडमधले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याविना वापरायला खुले झाले. वेग हवा तर इथेच यायचं. पण हा बँड भिंतीला भितो. एक विटांची भिंत चालते, दोन भिंती आणि मधे लोखंडी कपाट म्हटलं की तो मान टाकतो.

राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल, तर लॉगिन करून काही दिवस वेगवेगळी नावं द्या, उदाहरणार्थ 'घर' आणि 'घर५'. मग प्रत्येक खोलीत दोन्हींवर टेस्ट घ्या आणि लिहा. कोणती खोली कुठल्या बँडची, ते तासाभरात कळेल.

इथे दोन खाचखळगे आहेत. स्मार्ट बल्ब, प्लग, जुने प्रिंटर फक्त २.४ ओळखतात. नाव बदललं की ते सगळे रुसतात आणि पुन्हा एकेक करून जोडावे लागतात. म्हणून जुनं नाव २.४लाच ठेवा, नवं ५ला द्या. दुसरा खळगा जास्त फसवा आहे. वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झवर आहे हे वर आलंच. म्हणजे 'वायफाय ५' म्हणून घेतलेल्या राउटरची २.४ची बाजू वायफाय ४चीच असते. लांबच्या खोलीत फोन २.४वर घसरला, की तुम्ही २००९मध्ये जाऊन बसता.

पायरी ६: खोक्यावरचा आकडा फोडून वाचा

'एसी१२००' म्हणजे १२०० एमबीपीएस असं कुठल्याही फोनला मिळत नाही. २.४चे ३०० आणि ५चे ८६७ यांची बेरीज करून वर गोल केलेला तो आकडा. अशा राउटरवर एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो. दोन्ही हातांच्या मुठीत मावतील तेवढे दाणे मोजायचे आणि 'एका मुठीत एवढे' म्हणायचं, असा प्रकार.

'एएक्स१५००' म्हणजे ३०० अधिक १२०१. २.४ची बाजू इथेही जुनीच. 'एएक्स१८००'मध्ये तीच ५७४ होते, म्हणजे दोन्ही बाजू वायफाय ६च्या. दोघांच्या किमतीत फार अंतर नसेल तर १८०० घ्या. 'एएक्स३०००'मध्ये ५७४ अधिक २४०२. पण २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झचं रुंद चॅनेल दोन्हीकडे लागतं, आणि बरेच फोन ८०वरच थांबतात. अशा फोनला हा राउटर आणि १८००चा राउटर सारखेच.

१६०च्या चॅनेलचं आणखी एक दुखणं आहे. ५ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात ते बसतं, त्यातला काही भाग रडारसोबत वाटून घेतलेला आहे. रडारचा सिग्नल ऐकू आला की राउटरला ते चॅनेल सोडावंच लागतं आणि नव्या जागी जाऊन आधी ऐकत थांबावं लागतं. विमानतळाजवळ राहत असाल आणि ५चं नेटवर्क मिनिटभर गायब होऊन परत येत असेल, तर १६०चं ८० करून बघा, चॅनेल ३६ किंवा १४९ ठेवा.

पायरी ७: जागा

टीव्हीच्या मागे नको, शोकेसच्या काचेत नको, माळ्यावर ट्रंकांमध्ये नको. आरसा आणि लोखंड सिग्नल परतवतात, पाणी तो पिऊन टाकतं, म्हणून फिश टँक आणि पाण्याची टाकीही दूर. घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर. आमच्याकडे वादावादीनंतर तो देवघराशेजारच्या भिंतीवर गेला आणि आईने त्याला पहिल्या दिवशी हळदकुंकू लावलं.

अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, उणे ८०ला नेटवर्क दिसतं फक्त, चालत नाही. २.४साठी अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांची गर्दी पाहा आणि १, ६, ११पैकी मोकळं चॅनेल निवडा. ३ किंवा ४ निवडून 'मधली मोकळी जागा' पकडण्याचा मोह होतो. त्याने दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण होतं.

लांबच्या खोलीसाठी स्वस्त रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, घ्यायचा विचार असेल तर थांबा. एकाच बँडवर ऐकून त्याच बँडवर पुढे बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. भिंतीतून एक केबल नेऊन तिकडे जुनाच राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय देणारा डबा म्हणून लावला, तर तो दोन राउटरच्या नव्या महागड्या जोडीपेक्षा सरस ठरतो. केबल टाकताना मात्र आठ वायरी मोजा.

पायरी ८: ५४चं कोडं

लिंक स्पीड ५४वर खिळला असेल, तर राउटरच्या सिक्युरिटीच्या पानावर जा. तिथे डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी निवडलेलं सापडेल. वायफाय ४पासून पुढचे वेग या जुन्या कुलुपांसोबत चालतच नाहीत, स्टँडर्डमध्येच तशी मनाई आहे. डब्ल्यूपीए२ एईएस निवडा, सगळी यंत्रं नवी असतील तर डब्ल्यूपीए३. कुलूपही पक्कं होतं.

पायरी ९: एवढं करूनही घ्यायचाच असेल तर

प्लॅन १००पर्यंत आणि घर वन बीएचके: चालू वायफाय ५चा राउटर ठेवा. फोरके चित्रपटाला २५ एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला चार-पाच.

प्लॅन २०० ते ५००, माणसं चार, यंत्रं दहाच्या वर: एएक्स१५०० किंवा १८००, पोर्ट गिगाबिटचे. आज बहुतेक घरांना हेच योग्य, आणि मी कुणालाही डोळे मिटून हेच सांगतो.

प्लॅन गिगाबिटचा: एएक्स३०००. लॅपटॉपला १६० झेपत असेल तर चांगलंच.

वायफाय ६ई आणि ७चं सगळं आकर्षण ६ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या रस्त्यात आहे. ३२० मेगाहर्ट्झचं चॅनेल बसायला तिथेच जागा आहे. आपल्याकडे या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, परवान्याविना खुला करण्याचे मसुदा नियम २०२५च्या मे महिन्यात निघाले. दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणाकडून राउटर मागवणार असाल, तर तो तिथल्या नियमांनुसार बसवलेला असतो हे ध्यानात घ्या. इथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झ चालू आहे का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. नसेल, तर तुम्ही वायफाय ७च्या किमतीत थोडं बरं वायफाय ६ घेताय.

पायरी १०: परतीच्या मुदतीत पुन्हा वही उघडा

नवा राउटर त्याच जागी लावा. त्याच फोनवर, त्याच खोल्यांत, दिवसाच्या त्याच वेळी टेस्ट घ्या. खोका आणि बिल तोवर फाडू नका, वॉरंटीचं कार्ड पोरांच्या हाती देऊ नका. आकडे हलले नसतील, तर संकोच न करता परत करा.

माझ्या वहीतलं शेवटचं पान असं आहे: हॉल २८८, बेडरूम २४०, स्वयंपाकघर १७५, गॅलरी ३८. गॅलरीत फोन २.४वर उतरतो, मधे दोन भिंती आणि कपाट आहे. तिथे सकाळी आई भजनं लावून तुळशीला पाणी घालते, त्याला ३८ धो-धो होतात, म्हणून तिथलं काही बदललं नाही.